दुसरी डिस्क

तांदळाच्या दाण्याएवढा तो दिवा नारिंगी होता आणि त्याच्या शेजारचा हिरवा — स्वस्थ, आपल्याला कुणी काही विचारलंच नाही अशा चेहऱ्याचा हिरवा — आणि मारेन त्या दोन दिव्यांकडे आळीपाळीनं बघत राहिली, कारण त्यांच्याकडे बघत असेपर्यंत ट्रोल्सकडे बघावं लागत नव्हतं. नारिंगी म्हणजे पहिली डिस्क गेली. हिरवा म्हणजे दुसरी धडधाकट. पहिलीवर जे जे असतं ते सगळं दुसरीवरही असतं, एक गेली तर दुसरीनं उभं राहायचं, त्यासाठीच तर दोन बसवायच्या… आणि तरीही समोरचा स्क्रीन काळा होता, काळ्यावर एकच पांढरी ओळ — सुरू होण्याजोगी डिस्क सापडली नाही — आणि ओळीच्या टोकाशी एक बारीक रेघ उघडझाप करत होती, सावकाश, कुणी मुद्दाम डोळा मारावा तशी.

ट्रोल्स तिच्या मागे उभा होता. दाराच्या चौकटीला टेकून, हात खिशात. त्याच्या च्युइंगगमचा पुदिन्याचा वास त्या थंड खोलीत तिच्या मानेवर येऊन बसला होता. रजेवरून परत आल्याला आठ आठवडे झाले, आणि आठ आठवडे हा माणूस असाच आपल्या पाठीमागे उभा आहे असं तिला वाटत आलं होतं. खुर्चीत बसावं तर खुर्ची त्याच्या उंचीला लावलेली, तारा शोधायला वाकावं तर तारा रंगारंगांनी बांधून त्यांना चिठ्ठ्या लावलेल्या, तिच्या कपाच्या खुंटीवर त्याचा कप. बदली म्हणून आलेला. अकरा महिन्यांसाठी, मग अजून दोन. आता महिनाअखेर केंद्रप्रमुख प्रेबेन ठरवणार होता दोघांपैकी कुणाला ठेवायचं ते, कारण एवढ्याशा केंद्राला सर्व्हर सांभाळायला दोन माणसं कशाला. कायदा तुझ्या बाजूनं आहे, हे प्रेबेननंच तिला सांगितलं होतं, आणि लगेच पुढे, आवाज मऊ करून, की पण तुलाच कदाचित कमी तास बरे वाटतील, लहान मूल आहे, माझी काही सक्ती नाही. तेव्हापासून ती वाट बघत होती. ट्रोल्सच्या हातून काहीतरी होण्याची. असं सरळ तिनं स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं… पण बघत होते मी. तो कीबोर्डला हात लावायचा तेव्हा त्याच्या बोटांकडे बघत होते, जिन्यावरून पाय घसरणाऱ्याकडे खालून बघावं तशी.

आणि आज झालं होतं.

शुक्रवार तिच्या सुट्टीचा. पावणेआठला प्रेबेनचा फोन आला तेव्हा ती रुनाच्या तोंडात ओटची पेज भरत होती, आणि प्रेबेन म्हणाला की तू यायलाच हवं असं अजिबात नाही हां, पण सर्व्हर बसलाय आणि ट्रोल्सला उठवता येत नाहीये. यायलाच हवं असं नाही. म्हणजे नाही आलीस तर मी ते लक्षात ठेवीन. नवरा, आस्गर, कामावर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर, मंगळवारपर्यंत परतणार नव्हता. तिनं रुनाला लोकरीचे दोन थर चढवले, बाबागाडी ढकलत बर्फ खरवडलेल्या रस्त्यानं वीस मिनिटं चालली, आणि पोरगी वाटेतच झोपली, तशी गाडी पेंढ्याच्या शेडच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशी लावली. बाहेर उणे सहा. इकडे पोरं अशीच बाहेर थंडीत झोपवतात, झोपेला चांगली हवा. बेबी मॉनिटर खिशात घातला, आणि आत येताना चार वेळा मागे वळून बघितलं.

आत प्रेबेन भट्टीच्या पायऱ्यांवर उभा होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. केंद्र पेंढा जाळून अकराशे घरांना गरम पाणी पाठवतं, आणि कुठल्या नळात किती गरम पाणी चाललंय हे दाखवणारा तो एकच सर्व्हर. पंप आपले चालूच होते, शेवटची जी गती होती त्याच गतीनं, पण आंधळे. म्हणून होल्गरला — साठी उलटलेला, गुडघे गेलेला होल्गर — व्हॉल्व्हपाशी उभं केलं होतं, आणि तो दर दहा मिनिटांनी काटे वाचून फोनवर आकडे ओरडत होता. झालं असं होतं की पहाटे पहिली डिस्क मेली. सर्व्हर दुसरीवर चालू राहिला, कुणाला कळलंही नसतं. सातला ट्रोल्स आला, त्यानं इशारा बघितला, आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. बस. तो परत उठलाच नाही.

"चालत होतं ना?" प्रेबेन त्याला विचारत होता. "मग हात कशाला लावायचा? चालत्या गाडीतून उतरून चाक तपासतोस का तू?"

बिर्तेनं, म्हणजे कचेरी सांभाळणाऱ्या बाईनं, तोवर फ्रिजवरच्या कागदावर ट्रोल्सचं नाव लिहूनही टाकलं होतं. ज्याच्या हातून घोळ होईल त्यानं सोमवारी सगळ्यांना केक आणायचा. त्या कागदावर सगळ्यांची नावं होती, होल्गरचं तर सहा वेळा, मारेनचं एकदाही नाही. लोक हसत होते. गंमतच असते ती. ज्याचं नाव लिहितात त्यानंही हसायचं असतं, आणि ट्रोल्स हसला, जेवढं हसायला लागतं तेवढंच.

आता तो तिच्या मागे च्युइंगगम चघळत होता.

"इथे तुला मॉनिटर ऐकू येणार नाही," तो म्हणाला. "पंखे आहेत. मी बसतो बाहेर तिच्यापाशी."

नको, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. पण मॉनिटरमधून नुसती खरखर येत होती, आणि ती खरखर पंख्यांची की वाऱ्याची की गळ्याशी आलेल्या दुलईची हे कळायला मार्ग नव्हता, आणि गेली पाच मिनिटं ती स्क्रीनवर एक ओळ वाचत होती आणि मनात दुलई खाली ओढत होती.

"गाडी हलवू नकोस. हलवली की उठते."

"बहिणीची दोन झोपवलीत मी." तो वळला, मग दारातच थांबला. पुढचं वाक्य तो तिच्याकडे न बघता बोलला, दाराच्या कडीकडे बघत. "रीस्टार्ट करायच्या आधी मी तक्ता बघितला होता, मारेन."

मग दार लागलं.

कुठला तक्ता, असं तिनं म्हणून बघितलं. एकटीच होती, कुणाला ऐकवायचं नव्हतं, तरी मनातल्या मनात म्हणून बघितलं, अगदी खऱ्या आश्चर्यानं. पण डोळे आधीच वर गेले होते. फळीवरची ती निळी फाइल. त्यातला तिनंच आखलेला तक्ता, बावीस चौकटी, सर्व्हर बसवताना एकेक काम झालं की एकेक खूण.

चौदा महिन्यांपूर्वीचा डिसेंबर. कामाचा शेवटचा दिवस. पोट इतकं पुढे आलेलं की कीबोर्डपर्यंत हात पोचवायला तिरकं बसावं लागायचं. दोन डिस्कवर मजकूर आपोआप उतरतो, एकीवर लिहिलं की दुसरीवरही, पण एक तुकडा असतो, नखाएवढा, सर्व्हर चालू करताना त्याला उठवणारा. तो आपोआप उतरत नाही. तो प्रत्येक डिस्कवर आपल्या हातानं घालावा लागतो. पहिलीवर घातला. मग दारात बिर्ते — चल गं, केक कापतोय, प्रेबेन भाषण करायला उभा राहिलाय आणि त्याला थांबवणारं कुणी नाही — आणि टेबलावर थराथरांचा मलईचा केक, त्यात कागदी झेंडे खोचलेले, आणि तिनं उठता उठता पेन उचललं आणि उरलेल्या तीन चौकटींत खुणा करून टाकल्या. टिक, टिक, टिक. जेवणानंतर करायचंच होतं ना. हात तयार होते, डोकं तयार होतं, दोन मिनिटांचं काम. केक खाल्ला. पाय सुजले होते. प्रेबेननं स्वतः तिचा कोट आणून खांद्यावर घातला, म्हणाला, घरी जा बाई आता, इथे बाळंत झालीस तर आम्हाला भट्टी विझवावी लागेल. सगळे हसले. मीही हसले. आणि गेले घरी. तो कोट खांद्यावर किती हलका वाटला होता…

नाही. आधी बघू. बघितल्याशिवाय काही म्हणायचं नाही.

तिला एक पेन ड्राइव्ह हवा होता, ज्यावरून सर्व्हर उसना चालू करता येतो, म्हणजे मग आतल्या डिस्कमध्ये डोकावता येतं. पूर्वी तो तिच्या खणात असायचा. आता तो खण ट्रोल्सचा. तिनं तो जरा जास्तच जोरात ओढला. पेन ड्राइव्ह होता, एका पाकिटात, वर त्याच्या गोल अक्षरात 'अडचणीच्या वेळी'. त्याखाली एक वही. वही तिनं उघडायला नको होती. उघडली. त्याच्याविरुद्ध काहीतरी मिळेल म्हणूनच उघडली, हे खोटं कशाला बोलू.

पहिल्या पानावर लिहिलं होतं: मारेनला विचारायचं, परत आल्यावर.

खाली आकडे, एकतीसपर्यंत. एक — प्रिंटर दर मंगळवारी का रुसतो? दोन — उत्तरेच्या पंपाला सगळे 'मावशी' का म्हणतात? तीन, चार… सात. सातव्यापुढे तारीख होती, गेल्या मे महिन्यातली. 'दुसऱ्या डिस्कवर उठवणारा तुकडा दिसत नाही. पण तक्त्यावर मारेनची खूण आहे. म्हणजे मीच चुकीच्या जागी बघत असणार. तिला विचारायचं.'

मे महिन्यात रुना चार महिन्यांची होती आणि रात्री तीनदा उठायची. एक फोन केला असता तर कळलं असतं. पण बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला कामाचा फोन कुणी करत नाही, केलाच कुणी तर आसपासची माणसं त्याच्याकडे वळून बघतात. त्यानं केला नाही. तुकडा स्वतःच घालून टाकायचा, तेही केलं नाही — दोन मिनिटांचं काम — कारण कागदावर लिहिलं होतं की झालंय, आणि ते मी लिहिलं होतं. त्यानं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या पेनावर विश्वास ठेवला. मूर्ख. मूर्ख माणूस. एवढा विश्वास ठेवतात का कुणावर, न ओळखता, न बघता, नुसतं अक्षर बघून? तिला त्याचा असा संताप आला की वहीचं पान तिच्या बोटांत चुरगळलं, आणि मग तिनं ते तळहातानं परत सपाट केलं, एकदा, दोनदा, पण चुणी राहिली ती राहिलीच.

परत आल्यावर विचारायचं. परत आले ना मी. पहिल्या दिवशी त्यानं कॉफी ओतून ठेवली होती, दोन कप, आणि त्याच्या गुडघ्यावर — हो, हीच असणार — एक वही होती. तासभर बसू या का, म्हणाला. आणि ती, रुनाला पाळणाघरात रडताना सोडून आलेली, ब्लाऊजला दुधाचा ओला डाग, तो लपवायला छातीशी पिशवी धरून उभी, कोटसुद्धा न काढता म्हणाली होती, "हे सगळं मीच बसवलंय. मला कुणी समजावून सांगायची गरज नाही." त्यानं तोंड उघडलं होतं. काहीतरी म्हणणार होता… समजावणार नव्हता तो. विचारणार होता. तिला ते आता, आत्ता या क्षणी कळत होतं, आणि कळल्यामुळे बरं वाटायला हवं तसं काही वाटत नव्हतं. एखाद्याच्या घरात चोरी करायला शिरावं आणि त्यानं आपल्यासाठी जेवण झाकून ठेवलेलं दिसावं, तसं काहीतरी घाणेरडं वाटत होतं.

तिनं पेन ड्राइव्ह लावला. सर्व्हर उसन्या जीवावर उठला. आत डोकावून बघितलं तर दुसऱ्या डिस्कवर सगळं होतं. अकरा वर्षांची तापमानं, घराघरांची नावं, सकाळी सातपर्यंतचे मावशीचे ठोके, एक अक्षर न हरवता. नव्हता फक्त तो नखाएवढा तुकडा. तिनं दोन ओळी लिहिल्या, एक बटण दाबलं. दोन सेकंदं लागली. स्क्रीन म्हणाला: काम झालं, एकही चूक आढळली नाही.

ती हसली. आवाज निघाला हसण्याचा, त्या खोलीत, पंख्यांच्या वर. मॉनिटरमधून खरखरीच्या आड कुणीतरी काहीतरी गुणगुणत होतं. नीट ऐकलं तर शब्द नव्हते, नुसता सूर, खालच्या पट्टीत. रुना उठली असणार आणि तो तिला परत झोपवत असणार, किंवा उठली नसेलच आणि तो आपल्यापुरता गुणगुणत असेल. तिनं मॉनिटरचा आवाज बारीक केला. तिच्या मुलीपाशी बसलेल्या माणसाचा आवाज तिनं बारीक केला, आणि फळीवरून निळी फाइल काढली, कडी उघडली, तक्ता अलगद सोडवला. शेवटच्या तीन खुणा बाकीच्यांपेक्षा तिरक्या होत्या, घाईच्या. बघणाऱ्याला दिसलंच असतं. त्याला नाही दिसलं. कागदाची चार घड्यांची पुडी झाली, आणि ती पुडी लंगोटांच्या पिशवीत, दोन स्वच्छ लंगोटांच्या मधे गेली. हे सगळं हातांनी केलं. मी बघत होते.

सर्व्हर नीट रीस्टार्ट केला. उठला. भट्टीकडून होल्गरची आरोळी आली की दिसायला लागलं, बाबा, एकदाचे दिसायला लागले आकडे, आता मला बसू दे.

कॉफीच्या खोलीत शुक्रवारचे गोल पाव मांडले होते, लोणी, चीज, जॅम. प्रेबेननं तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, एकट्यानंच, मग बाकीच्यांनाही वाजवाव्या लागल्या. बघा, सुट्टीच्या दिवशी, पोरीला घेऊन, पाऊण तासात, असं तो बोलत राहिला, आणि प्रत्येक शब्द ट्रोल्सच्या दिशेनं फेकत होता. ट्रोल्स रुनाला कडेवर घेऊन आत आला. थंडीनं दोघांचीही नाकं लाल. रुनानं त्याच्या कॉलरची दोरी तोंडात धरली होती, आणि मारेननं तिला घेतलं तेव्हा ती दोरी सोडायला तयार नव्हती. एक क्षण ते तिघं त्या दोरीनं एकमेकांना बांधल्यासारखे उभे राहिले. पोरीच्या केसांना पुदिन्याचा वास येत होता.

"लाळेरं कुठंय हिचं?" बिर्ते म्हणाली. "लोणी चाटवते जरा." आणि तिनं खुर्चीखालच्या पिशवीत हात घातला.

मारेननं पिशवी ओढली. इतक्या जोरात ओढली की रुना दचकली आणि बिर्तेचा हात हवेत तसाच राहिला.

"अगं, सोनं ठेवलंयस का आत?" बिर्ते म्हणाली, आणि होल्गर पाव चावता चावता हसला. मारेनही हसली. मी शोधते, म्हणाली, तिथे सगळा पसारा आहे. पण ट्रोल्स हसला नाही. त्यानं पिशवीकडे बघितलं. मग तिच्याकडे. त्याच्या बघण्यात आरोप असता तर तिला त्याचं काय करायचं ते माहीत होतं, आठ आठवडे ती त्याचीच तयारी करत होती. आरोप नव्हता. तो नुसता थांबला होता, एखादं उत्तर येईल म्हणून माणूस थांबतो तसा. मग त्यानं नजर खाली केली आणि पावाला लोणी लावू लागला, कडेपर्यंत, नीट.

प्रेबेन म्हणत होता की मग सोमवारी केक, ट्रोल्स, आणि दुकानातला नको, घरी केलेला. चूक मोठी आहे. बरं, ट्रोल्स म्हणाला. एवढंच. बरं. प्रेबेननं मारेनकडे बघून एक डोळा बारीक केला, महिनाअखेरचं जे ठरायचं होतं ते आत्ताच, लोणी-पाव खाताना ठरलं असल्यासारखा. म्हणजे राहिले मी. इतकं सोपं होतं तर. गप्प बसायचं, पोरीला मांडीवर नाचवायचं, आणि राहायचं — त्या खोलीत, त्या खुर्चीत, त्याच्या रंगारंगांच्या तारांमधे, आणि त्यानं कुणाला काहीही न सांगता निघून जायचं, ती वही घेऊन…

"वही आण तुझी," ती म्हणाली.

आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा खरखरीत निघाला. बिर्तेनं वर बघितलं. ट्रोल्सनं सुरी बशीवर ठेवली.

"आत्ता?"

"आत्ता. इथेच. सगळ्यांसमोर चालेल मला."

"सातव्यापासून?" त्यानं विचारलं, इतक्या हळू की बाकीच्यांना तो पावाबद्दल काही बोलल्यासारखं वाटलं असेल.

"पहिल्यापासून."

त्यानं मान हलवली आणि उठून गेला. प्रेबेन वाऱ्याबद्दल बोलायला लागला, दुपारी वारा वाढणार म्हणून. सहा प्रश्न. प्रिंटरला पाच मिनिटं. मावशीची गोष्ट रंगवून सांगितली तर दहा, होल्गर मधे बोलेलच. चौथा, पाचवा… ताणलं तर पाऊण तास सहज जाईल, आणि तेवढ्यात रुना रडू शकते, लंगोट बदलायला लागू शकतो, प्रेबेनला फोन येऊ शकतो. ती हे सगळं हावरटासारखं मोजत होती, आणि मोजणारीला ती बघत होती. आठ आठवड्यांत पहिल्यांदाच तिचे डोळे ट्रोल्सच्या हातांवर नव्हते. तेच डोळे, तसेच, जराही दयामाया न दाखवता, मांडीवर एक पोर आणि पोरीखाली एक पिशवी घट्ट धरून बसलेल्या बाईवर रोखलेले होते. आणि त्या बाईला त्या खोलीत कुठे जायला जागा नव्हती. बाहेर जिन्यात त्याची पावलं परत येताना ऐकू आली.

बघू, मी म्हटलं तिला. बघू आता तू काय करतेस.